धनगरवाड्याची परतभेट

सहल म्हटली की आपल्या जेऊर-करमाळ्याकडच्या माणसाची गाडी तुळजापूर नाहीतर कोल्हापूर धरते. देवदर्शन होतं, पोरांना भेळ मिळते, झाली सहल. त्याला नावं ठेवायची नाहीत. पण यंदा एक वेगळी वाट सुचवतो. पोराबाळांसकट, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना पुढच्या सीटवर बसवून, माणदेशातल्या एखाद्या धनगरवाडीला जाऊन या.

तिकडं काय आहे बघण्यासारखं, असं कारभारीण विचारील. तिला एवढंच विचारा, की आजवर कितीदा ते आपल्याकडं आले आणि आपण कितीदा त्यांच्याकडं गेलो?

उजनी धरण १९८० साली पुरं झालं. त्याआधी आपल्या भागात ज्वारी निघाली, की रानं मोकळी व्हायची आणि मेंढरांचे कळप उतरायचे. कुणी माणदेशचे, कुणी फलटणकडचे. रानात वाघूर लावून मेंढरं बसवायची, सकाळी लेंडीखत पडलेलं असायचं. मोबदल्यात शेतकरी धान्य द्यायचा, कालवणापुरतं तेल-मीठ द्यायचा. पाणी आलं तसा ऊस आला, पाठोपाठ केळी आली. आता रान मोकळं असं राहत नाही. धनगर रस्त्याच्या कडेकडेनं मेंढरं हाकत पुढं जातात आणि आपण मागून हॉर्न वाजवतो.

वाट अशी. जेऊर, कंदर, टेंभुर्णी, करकंब, पंढरपूर, सांगोला आणि पुढं नाझऱ्यावरून आटपाडी. सुमारे दीडशे किलोमीटर. पंढरपूरपर्यंत उसाची सोबत असते. सांगोला मागं पडलं, की माळ उघडा पडायला लागतो. बाभळी, खुरटं गवत, मुरमाड टेकड्या. पावसाचे ढग सह्याद्रीवरच रिते होतात, इकडं उरलंसुरलं येतं. मधूनमधून डाळिंबाच्या बागा लागतील. अलीकडं टेंभू योजनेचं पाणी आटपाडीकडं आलंय, त्यामुळं पूर्वीइतका रखरखाट नाही. वाटेत माणगंगा लागते. पात्रात पाणी दिसलं तर नशीब समजा. हीच नदी पुढं आपल्या भीमेला मिळते, हे पोरांना जरूर सांगा.

आटपाडीजवळच लेंगरेवाडी आहे. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ ही कादंबरी १९५५ साली पुस्तकरूपानं आली, तिच्यातली वाडी ती हीच म्हणून ओळखली जाते. अमोल पालेकरांनी १९९५ साली त्यावर चित्रपट काढला. घरात कुणी शिकतं पोर असेल, तर निघण्याआधी चार संध्याकाळी त्याच्याकडून पुस्तक मोठ्यानं वाचून घ्या. नवा मास्तर उजाडायच्या आधी माळ तुडवत वाडीवर येतो, तिथपासून म्हातारी माणसंही कान देऊन ऐकतील.

जायचं केव्हा, हे मात्र नीट ध्यानात घ्या. दिवाळी झाली, की कळप बाहेर पडतात. बाप्ये मेंढरांमागं आणि बाया घोड्यावर बिऱ्हाड लादून, कोंबड्या-कोकरांसकट. पाऊस तोंडावर आला, की माघारी फिरतात. उन्हाळ्याच्या सुटीत गेलात, तर बऱ्याच घरांना कुलूप आणि ओट्यावर म्हातारी माणसं, एवढंच दिसेल. श्रावण-भादव्यात जा. माळावर थोडी हिरवळ असते आणि माणसं घरी असतात.

रिकाम्या हातानं जाऊ नका. आपल्याकडची केळी न्या, पायलीभर ज्वारी न्या. वाडीच्या तोंडाशी गाडी थांबवा आणि हाक मारा. कुत्री राखणीची असतात, त्यांना अनोळखी पोरांचे लाड ठाऊक नाहीत. “पाव्हणं, कुठनं आलासा?” असं कुणी विचारलं, की आधी गाव सांगा, मग खिशातला मोबाईल काढा. फोटोला विचारल्याशिवाय हात घालू नये.

हे मुद्दाम सांगायचं कारण आहे. अमेरिकेत ॲरिझोना आणि न्यू मेक्सिकोच्या वाळवंटी मुलखात नवाहो नावाचे लोक राहतात. तेही मेंढपाळ. त्यांच्या बाया उभ्या मागावर लोकरीच्या घोंगड्या विणतात आणि मोटारीनं सहलीला आलेली कुटुंबं त्या विकत नेतात. माणसाचा फोटो घ्यायचा तर आधी विचारावं, अशी तिथली रीत आहे. १९३३ पासून सरकारनं ‘चराईनं जमीन धुपते’ म्हणून त्यांची मेंढरं नि शेळ्या सक्तीनं कमी केल्या. कित्येक जागीच मारली. कळप बहुतकरून बायकांच्या मालकीचे, पण त्यांना धड कुणी विचारलं नाही. घोंगडी लोकांना हवी होती, मेंढरू नको होतं. आपल्याकडं पाणलोटाची चांगली कामं झालेल्या गावांत चराईबंदी असते. तिनं गवत वाढतं, हे खरंच आहे. पण बंदी ठरवणाऱ्या ग्रामसभेत धनगराला बोलावलं होतं का, हे कुणीतरी विचारायला हवं.

घोंगडं घ्यायचं असेल तर जरूर घ्या, पण पोरांना ते कसं होतं हे आधी विचारू द्या. वर्षातून दोनदा मेंढरं कातरायची, लोकर पिंजायची, सूत कातायचं. मग सनगर ते खड्ड्याच्या मागावर विणतो आणि चिंचोक्याची खळ देतो. म्हणून नवं घोंगडं ताठ असतं, त्याला खोट समजू नका. लोकरीला आता कातरणीची मजुरी सुटण्याइतकाही भाव येत नाही, हे तिथंच त्यांच्या तोंडून ऐका आणि मग घासाघीस करायची का ते ठरवा.

निघताना आपल्या गावाचं नाव आणि फोन नंबर देऊन या. ऊस कधी तुटणार, खोडवा मोडून रान कधी मोकळं होणार, विहिरीला तेव्हा पाणी असतं का, हेही सांगा. कळप किती दिवस बसवायचा, मोबदला धान्यात की पैशात, हे ओट्यावर चहा पिता पिता ठरतं. दिवाळीनंतर कळप कुठल्या वाटेनं उतरवायचा, याचा विचार त्यांच्याकडं भादव्यातच सुरू झालेला असतो.