बाईचा रिपोर्ट, पुरुषाची रेंज

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांना खुले पत्र



पोलादपूरजवळच्या कशेडीहून लिहिते आहे. घाटाला बोगदा झाला, मुंबई जवळ आली. पण हार्मोनचे उपचार घेणाऱ्या आम्हा ट्रान्स स्त्रियांना रक्ताचा रिपोर्ट समजावून सांगणारं माणूस अजून मुंबईलाच भेटतं.

नोंदीत ‘पुरुष’ लिहिलं की रिपोर्टवर पुरुषाची रेंज छापून येते. टेस्टोस्टेरॉन 35, म्हणून ‘लो’. इस्ट्रॅडिओल 150, म्हणून ‘हाय’. दोन्ही आकडे ठळक. बघणारा दचकतो आणि औषधं बंद करायला सांगतो. एंडोक्राइन सोसायटीच्या 2017च्या मार्गदर्शक सूचनांत मात्र उद्दिष्टच ते आहे: टेस्टोस्टेरॉन डेसिलिटरला 50 नॅनोग्रॅमच्या खाली, इस्ट्रॅडिओल मिलिलिटरला 100 ते 200 पिकोग्रॅम. म्हणजे औषध लागू पडलंय!

वेळेचाही घोळ असतो. जिभेखाली गोळी ठेवून तासाभरात रक्त दिलं तर इस्ट्रॅडिओल भलतंच चढलेलं दिसतं; दुसऱ्या सकाळी गोळीआधी दिलं तर उतरलेलं. इंजेक्शन घेणारीनं दोन डोसांच्या मध्यावर तपासावं. शेवटचा डोस कधी घेतला, हे विचारतं कोण?

खरी भीती वेगळीच. डॉक्टर मिळत नाही म्हणून आमच्यातल्या काही जणी गर्भनिरोधक गोळ्या गिळतात. त्यांतलं इथिनाइल इस्ट्रॅडिओल या तपासणीत जवळजवळ दिसतच नाही. आकडा कमी येतो, ती गोळ्या वाढवते, आणि रक्तात गुठळी होण्याचा धोकाही वाढत जातो. टेस्टोस्टेरॉन रोखणारं स्पायरोनोलॅक्टोन घेणारीचं पोटॅशियम वाढलं तर थेट हृदयावर बेततं, पण सगळ्यांचे डोळे इस्ट्रॅडिओलवर, दहावीच्या टक्क्यांवर असतात तसे.

तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कसंरक्षणाच्या 2019च्या कायद्यातलं कलम 15 हार्मोन उपचारांची सोय करण्याची जबाबदारी सरकारवर टाकतं. रिपोर्ट वाचणं हा त्या उपचाराचाच भाग आहे, वेगळी मेहेरबानी नव्हे.

म्हणून मागणी एवढीच. सरकारी प्रयोगशाळांच्या रिपोर्टवर स्त्रीची रेंज, उपचाराचं उद्दिष्ट आणि शेवटच्या डोसची वेळ येऊ द्या. पोलादपूरच्या ग्रामीण रुग्णालयातल्या एका तरी वैद्यकीय अधिकाऱ्याला हे वाचायचं प्रशिक्षण द्या; अडलं तर ई-संजीवनीवरून तज्ज्ञाला विचारता येईल. पहिल्या वर्षी ही तपासणी दर तीन महिन्यांनी लागते. दर वेळी मजुरी बुडवून मुंबई गाठणं आम्हाला परवडत नाही.

आपली,
कशेडीची एक रहिवासी