दही का लागत नाही?

वाघोली 2021 मध्ये पुणे महापालिकेत समाविष्ट झाली. दगडखाणींच्या आणि शेतांच्या शेजारी गृहसंकुले त्याच्या कितीतरी आधी उभी राहिली होती. गोठा दाराशी होता तोवर दूध कोणत्या गायीचे आणि ती काय खाते हे घेणाऱ्यास ठाऊक असे. आता दूध पिशवीतून व दही डब्यातून येते, आणि ग्राहकाचे प्रश्नही डब्यापाशीच सुरू होऊन तेथेच संपतात. वर साचलेले पाणी ही भेसळ काय? नव्हे, ती निवळी होय, ढवळून खावी. डब्यातील दही विरजणास चालेल काय? चालेल, मात्र ते लागल्यानंतर पुन्हा तापवलेले नसावे. ज्यास दूध पचत नाही त्यास दही का पचते? दुधातील शर्करेचा काही भाग जिवाणूंनी आधीच आम्लात बदललेला असतो म्हणून.

खरा प्रश्न याहून निराळा आहे. दही लागले नाही की आपण विरजणास, थंडीस, फार तर दूधवाल्यास बोल लावतो. बहुधा ते योग्यही असते. परंतु आणखी एक कारण संभवते आणि ते स्वयंपाकघराबाहेरचे आहे. गायीला कासदाह झाला (शेतकरी त्यास 'दगडी' म्हणतो) की प्रतिजैविके द्यावी लागतात. त्यानंतर औषधागणिक ठरलेले काही दिवस ते दूध विकावयाचे नसते. विकले गेले, तर औषधाचा अंश विरजणातील जिवाणूंनाच रोखतो. उकळण्याने तो पुरता नाहीसा होत नाही.

अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या 2018 च्या देशव्यापी पाहणीत दुधाचे 6432 नमुने तपासले गेले. आरोग्यास घातक भेसळ आढळली ती अवघ्या 12 नमुन्यांत. प्रतिजैविकांचे प्रमाण 77 नमुन्यांत मर्यादेबाहेर होते, आणि अफ्लाटॉक्सिन एम-1 हे विष तर 368 नमुन्यांत! हे विष कोणी दुधात मिसळत नाही. बुरशी लागलेली पेंड वा मका जनावराने खाल्ला म्हणजे ते दुधात उतरते, आणि उकळूनही जात नाही. युरिया आणि साबणाच्या कथा चवीने सांगणाऱ्या आपल्या समाजास बुरशीची कथा मात्र कोणी सांगत नाही.

दोष शेतकऱ्याच्या माथी मारणे सोपे आहे. परंतु त्याला भाव मिळतो तो स्निग्धांशावर आणि स्निग्धेतर घनपदार्थांवर. पेंड कोरडी ठेवली, आजारी गायीचे दूध ओतून दिले, यासाठी संकलन केंद्रावर सहसा एक पैसाही जास्त मिळत नाही. ज्याच्या दावणीला दोनच गायी आहेत त्याने एकीचे चार दिवसांचे दूध मोरीत ओतावे, हा उपदेश करणाऱ्याने त्या चार दिवसांचे पैसे कोण देणार हेही सांगितले पाहिजे. 2018 च्या जुलैत राज्यातील उत्पादक रस्त्यावर उतरले ते लिटरमागे पाच रुपयांच्या अनुदानासाठी. 2022 च्या जुलैत वेष्टनबंद दह्यावर पाच टक्के वस्तू व सेवा कर बसला तेव्हा शहरात जेवढी चर्चा झाली, तिच्या दशांशानेही त्या आंदोलनाच्या कारणांची झाली नव्हती.

तेव्हा प्रत्येक दूध संघाने व खासगी डेअरीने औषधोपचाराच्या काळात ओतून दिलेल्या दुधाची भरपाई द्यावी, त्यासाठी पशुवैद्यकाचा दाखला पुरेसा मानावा, आणि प्रतिजैविके व अफ्लाटॉक्सिन यांच्या तपासण्यांचे निष्कर्ष दरमहा विक्रीकेंद्रावर लावावेत. यामुळे दूध थोडे महागेल, हे ग्राहकाने आधीच मान्य केले पाहिजे. ग्राहक पंचायत 1974 साली याच पुण्यात स्थापन झाली. वाघोलीच्या एखाद्या संकुलातील शंभर कुटुंबांनी आपल्या दूधपुरवठादारास सह्यांचे पत्र लिहून मागील महिन्याचा तपासणी अहवाल मागावा. पत्रास उत्तर येते की नाही, यावरूनही पुष्कळ कळेल.