पपईच्या खड्ड्यात एकच रोप का लावू नये

वडगाव रासाई येथे पपईच्या बागेत एका शेतकऱ्याने विचारले, "साहेब, सगळी उभयलिंगी झाडेच निघतील असे बी का मिळत नाही?" प्रश्न रास्त आहे. बी महाग, म्हणून खड्ड्यात एकच रोप लावावयाचे, आणि मग मादी झाडांची गोल फळे पाहून कपाळाला हात लावावयाचा, हे आता बरेच ठिकाणी दिसते.

काही पिकांत असे बी मिळते. भांगेच्या मादी झाडावर चांदीचे क्षार फवारले असता त्यास नरफुले येतात. त्या परागाने दुसरी मादी फळविली म्हणजे बियांतून बहुतेक मादी रोपेच निघतात. (ही लागवड विनापरवाना करणे १९८५ च्या कायद्याने गुन्हा आहे, येथे केवळ दाखला दिला.) काकडीचा 'पुसा संयोग' हा संकरही केवळ मादी फुले देणाऱ्या वाणापासून तयार केलेला आहे.

पपईचे तसे नाही. उभयलिंगीपणाचा गुण आई व बाप या दोहोंकडून आला, तर तो जीव बीजातच मरतो. म्हणून 'तैवान ७८६' सारख्या वाणात उभयलिंगी झाडाच्या स्वपरागित बियांतून दोन उभयलिंगी व एक मादी असे प्रमाण पडते. हे प्रमाण विक्रेत्याच्या हाती नाही, आणि रोप पाहून लिंग सांगणाऱ्यावर तर मुळीच विश्वास ठेवू नये.

हिशेब करून पाहावा. १०० खड्ड्यांत एकेक रोप लावले तर सुमारे ३३ खड्ड्यांत मादी. दोन लावली तर केवळ मादीच असलेले खड्डे सुमारे ११, आणि तीन लावली तर चारच. व्यापारी लांबट फळ आधी उचलतो. तेव्हा रोपांच्या खर्चात केलेली बचत पुढे बाजारात गमवावी लागते. तीन परवडत नसतील त्यांनी निदान दोन लावावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. फुले दिसताच उभयलिंगी झाड राखून बाकीची जमिनीलगत कापावीत. उपटल्यास राखलेल्याची मुळे दुखावतात.

'वॉशिंग्टन' सारख्या वाणात निम्मी झाडे नर निघतात. तेथे लोंबत्या झुपक्यांची नर झाडे काढताना दहा माद्यांमागे एक नर अवश्य राखावा. सगळेच नर काढून मग फळ धरत नाही म्हणून खताला दोष देणारेही मी पाहिले आहेत.

कडक उन्हाळ्यात उभयलिंगी झाडास काही काळ केवळ नरफुले येतात. ऊन ओसरले म्हणजे ते पुन्हा फळू लागते. तेवढ्यासाठी त्यावर कोयता चालवू नये.