दुसऱ्याच्या गाडीचा नंबर



गेल्या महिन्यात मी दोन आठवडे स्वाध्यायाला आले नाही, म्हणून काहीजणींनी फोन करून विचारलंत. आजारी नव्हते. आमची मालाची व्हॅन बंद पडली होती आणि दुकानाची पोहोच भाड्याच्या टेंपोतून सांभाळायची होती. चातुर्मासातल्या बिनभाजीच्या आमट्यांवर लिहिणार होते, ते पुढच्या वेळी. आधी गाडीचं लिहिते, कारण त्या गॅरेजमध्ये जे झालं ते आपल्यापैकी बऱ्याच घरांत होतं आणि आपण बायका तिथे नसतो.

आषाढातली रात्र. सासूबाईंनी मला उठवलं, "अंगणात कोणीतरी काहीतरी घासतंय गं." बघितलं तर बंद, कुलूप लावलेल्या गाडीचे वायपर आपले आपण चालू. दुसऱ्या दिवशी डावीकडे वळायचा दिवा द्यावा तर हॉर्न वाजायचा. मग रोज सकाळी बॅटरी उतरलेली. नवी बॅटरी घातली, तीही दोन दिवसांत बसली. तेव्हा कुठे गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला आणि सांगितलं, "बीसीएम गेलंय."

बीसीएम म्हणजे बॉडी कंट्रोल मॉड्यूल. डॅशबोर्डखाली, पायांच्या जागेच्या वर बसवलेला जेवणाच्या डब्याएवढा संगणक. पूर्वी बटण दाबलं की वायरीतून वीज थेट दिव्याला जायची. आता बटण फक्त या डब्याला निरोप देतं आणि दिवे, वायपर, हॉर्न, दारांची कुलपं यांना हुकूम हा देतो. बऱ्याच गाड्यांत चावी आपलीच आहे का, हेही हाच ओळखतो. गाडी बंद केली की यानेही झोपायचं असतं. आमचा झोपत नव्हता, रात्रभर बॅटरी पीत बसायचा.

आमचा डबा उघडून दाखवला. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक कळकावं तसा पिनांवर हिरवा थर, आणि आतले रेघांसारखे तारेचे मार्ग खाल्लेले. दुरुस्ती नाही म्हणाला. नवा कोडिंगसकट सोळा हजार आणि आठ-दहा दिवस थांबायचं. मुंबईच्या भंगारातला जुना साडेचार हजार, परवा हातात. रोजच्या टेंपोचं भाडं डोळ्यापुढे होतं. मीच म्हटलं, "जुनाच घ्या." हे आधी कबूल करते, कारण पुढचं वाचून कोणाला वाटेल की मी पहिल्यापासून शहाणी होते.

दोन हजार आगाऊ दिले. डबा आला त्या दिवशी यजमानांबरोबर मीही गेले, कारण चाव्या जुळवायला दोन्ही चाव्या लागतात आणि दुसरी सासूबाईंच्या कपाटातल्या डब्यात होती. डबा बसवला, स्कॅनर लावला. पडद्यावर चेसिस नंबर आला, सतरा अक्षरांचा. आमच्या आरसी बुकातला नव्हे, दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीचा. प्रत्येक गाडीत असं होतंच असं नाही, पण हे असले डबे पुष्कळदा आपली जुनी गाडी लक्षात ठेवतात.

"ते पुसून तुमचा टाकतो," तो म्हणाला. आणि मग तितक्याच सहज, "वहिनी, हात लावलाच आहे तर किलोमीटरचंही बघू का? साठवर आणतो. विकताना पन्नास हजार जास्त येतील."

आमची गाडी १,१८,००० किलोमीटर चाललेली. दिवाळीनंतर ती विकायची बोलणी लांज्याच्या एका मुलाशी चालू होती. त्याला भाजीची लाईन सुरू करायची आहे, कर्ज काढून. या गाडीत किलोमीटरची एक नोंद मीटरमध्ये असते आणि एक या डब्यात. डबा बदलला की दोन्ही जुळवावी लागतात, आणि जुळवणाऱ्याच्या बोटाखाली तो आकडा येतो.

यजमान काही बोलले नाहीत. मी विचारलं, "या डब्याचं पक्कं बिल मिळेल?" तो हसला. "भंगाराला कसलं बिल, वहिनी?"

मी त्या सतरा अक्षरांकडे बघत राहिले. अपघातात मोडलेली गाडी असेल, मालकाने रीतसर भंगारात दिली असेल. किंवा कोणाच्या तरी अंगणातून रात्री गेलेली असेल आणि सकाळपर्यंत तिचे तुकडे झाले असतील. बिल नाही म्हणजे यातलं कुठलं खरं, हे कळायचा मार्गच नाही.

आचार्य समंतभद्रांचा रत्नकरंड श्रावकाचार आपल्या घरोघरी आहे. अचौर्याणुव्रताचे पाच अतिचार आपण त्यात वाचतो, आणि मला ते नेहमी जुन्या काळच्या व्यापाऱ्यांसाठी लिहिल्यासारखे वाटायचे. चौरार्थादान म्हणजे चोरीचा माल घेणं. सदृशसन्मिश्र म्हणजे चांगल्यात त्याच्यासारखंच दिसणारं हलकं मिसळणं. हीनाधिकविनिमान म्हणजे घेताना एक माप, देताना दुसरं. त्या दिवशी गॅरेजच्या स्टुलावर बसून यातले दोन माझ्या समोर होते, तेही एकाच साडेचार हजारांच्या डब्यात.

मापाचंच घ्या. आमच्या दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्याला दरवर्षी वैधमापनवाल्यांकडून शिक्का मारून घ्यावा लागतो, आणि घेतोही. दहा ग्रॅमचा फरक निघाला तर यजमानांना रात्री झोप येत नाही. सासरे तर पारड्याखाली चिकटलेला गूळसुद्धा खरवडून काढायचे. आणि त्याच घरात अठ्ठावन्न हजार किलोमीटर पुसायच्या गोष्टीला "गाडीच्या लाईनीत चालतं" असं नाव मिळतं! किलोमीटरचा आकडा हेही माप आहे. त्यावरून घेणारा किंमत ठरवतो, ब्रेक, क्लच, टायर यांवर किती खर्च येईल याचा अंदाज बांधतो. मीटर मागे घेऊन गाडी विकणं आणि काट्याखाली चुंबक लावणं यात मला फरक दिसत नाही.

नणंदबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "चोरी आपण कुठे केली? आपण पैसे मोजून घेतलं." पण तो अतिचार सांगितला आहे तो नेमका पैसे मोजून घेणाऱ्यासाठीच. चोरणाऱ्याला वेगळं सांगायची गरज नव्हती. घेणारे आहेत म्हणून सुटे भाग विकले जातात, आणि विकले जातात म्हणून गाड्या जातात.

जुनी वस्तू घेऊच नये असं मी म्हणत नाही. उलट चालणारा भाग फेकून नवा घ्यायचा, हेही आपल्या अपरिग्रहात बसत नाही. २०२१ पासून गाड्या मोडीत काढायच्या नोंदणीकृत केंद्रांसाठी केंद्र सरकारचे नियम आहेत. तशा ठिकाणचा, कुठल्या गाडीतून काढला ते लिहिलेला, बिलासकट भाग मिळाला असता तर मी आनंदाने घेतला असता. माझा राग जुन्यावर नाही, बिनबिलाच्यावर आहे.

आम्ही डबा परत केला. दोन हजार मात्र आणण्याचा खर्च म्हणून गेले. घरी येताना यजमान म्हणाले, "तू गल्ला सांभाळ, गाडीत लक्ष घालू नकोस." दोन दिवस अबोला होता. नव्या मॉड्यूलचे पैसे कुंथलगिरीच्या यात्रेसाठी ठेवलेल्या पैशांतून काढावे लागले आणि ते सासूबाईंना सांगायचं मला जड जात होतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "कुंथलगिरी कुठे पळून जात नाही." त्यानंतर घरात कोणी बोललं नाही.

एक गोष्ट मात्र आधी बघायला हवी होती, ती कोणी बघितली नाही, बॅटरी विकणाऱ्यानेही नाही. हा डबा मुळात का गेला? रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, वरून समुद्राची खारी हवा. आमची गाडी आंब्याखाली उभी असते. पुढच्या काचेखाली जाळी असते, तिथलं पाणी बाजूच्या भोकांतून खाली निघून जायचं. ती भोकं पानांनी बुजली होती, पाणी साचून आत डॅशबोर्डखाली उतरत होतं. पायातलं मॅट उचललं तर खालचा गालिचा ओला चिंब. ते भोक तसंच ठेवून नवा डबा बसवला असता तर तोही पुढच्या आषाढात गेला असता. आस्रव थांबवल्याशिवाय निर्जरेचा काय उपयोग, असं मी म्हटलं तर मुलगा हसला. हसू दे. पण त्यानेच वर चढून मूठमूठ पाला काढला, आणि नवं मॉड्यूल बसवायच्या आधी गॅरेजवाल्याकडून बॉडीच्या अर्थच्या वायरी घासून घट्ट करून घेतल्या.

तुम्हाला गाडीतलं काही कळत नसेल, मलाही कळत नव्हतं. पण बिल आहे का, कुठल्या गाडीतला आहे, किलोमीटर आधी किती होते आणि नंतर किती, हे विचारायला वायरिंग शिकावं लागत नाही. आपण किराणा घेताना याहून जास्त प्रश्न विचारतो. दशलक्षणात उत्तम आर्जवाच्या दिवशी आपण सगळ्या पांढऱ्या साड्या नेसून सरळपणावरचं प्रवचन ऐकणार आहोत. त्याआधी एकदा घरच्या गाडीचं मीटर बघून ठेवा, हसू नका.

गेल्या रविवारी लांज्याचा मुलगा आला. मी त्याला वही दाखवली. तारीख, १,१८,६४० किलोमीटर, मॉड्यूल नवं, खाली बिल टाचलेलं. आकडा बघून त्याचा चेहरा पडला आणि त्याने लगेच तीस हजार कमी सांगितले. यजमानांनी माझ्याकडे बघितलं. मग त्या मुलाने विचारलं, "काकू, पाणी आता आत येत नाही ना?" मी त्याला पुढे नेलं आणि काचेखालची जाळी उचलून, पानं कुठे अडकतात ते दाखवलं. दिवाळीनंतर कळवतो म्हणाला.