प्रकल्प व्यवस्थापनाची प्रमाणपत्रे : आपल्या तरुणांनी पैसे आणि वेळ कुठे घालावा?

दादरच्या इंदू मिलच्या जागेवरील बाबासाहेबांच्या स्मारकाचे भूमिपूजन ११ ऑक्टोबर २०१५ रोजी झाले. त्यानंतर काम पूर्ण होण्याच्या तारखा अनेकदा जाहीर झाल्या आणि अनेकदा पुढे गेल्या. जानेवारी २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने पुतळ्याची उंची १०० फुटांनी वाढवण्यास मान्यता दिली. चबुतऱ्यासह एकूण उंची ४५० फूट ठरली आणि खर्चाचा अंदाज ७६३ कोटी रुपयांवरून सुमारे १,०९० कोटींवर गेला. "स्मारक कधी होणार?" हा प्रश्न समाज तेव्हापासून विचारतो आहे.

या प्रश्नामागे राजकारण आहे, हे आपण जाणतो. पण त्यामागे एक शास्त्रही आहे. काम नेमके किती करायचे, किती दिवसांत, किती पैशांत, कोणत्या दर्जाचे, आणि मध्येच त्यात बदल झाला तर बाकीच्या गोष्टींवर काय परिणाम होईल, याचा रोजचा हिशेब ठेवण्याचे हे शास्त्र. त्याला प्रकल्प व्यवस्थापन म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजमेंट म्हणतात. मेट्रो असो, ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग असो की पुण्यातल्या कंपनीतले सॉफ्टवेअर, हा हिशेब ठेवणारी खुर्ची सगळीकडे असते. त्या खुर्चीवर बसणाऱ्याला पगारही चांगला असतो आणि निर्णयात त्याचा शब्दही चालतो.

ही खुर्ची आपल्याला परकी नाही. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना बाबासाहेबांनी पाटबंधारे आणि वीज हे विषयही हाताळले. दामोदर आणि महानदी या नद्यांच्या योजनांची पायाभरणी त्यांच्या काळात झाली. पूरनियंत्रण, सिंचन, वीज आणि जलवाहतूक यांचा एकत्र विचार झाला पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. आज आपण त्याला बहुउद्देशीय प्रकल्प म्हणतो.

आता बौद्ध समाजातली अभियंत्यांची आणि संगणक पदवीधरांची पिढी नोकरीत स्थिरावते आहे. या तरुणांना रोज जाहिराती दिसतात : पीएमपी करा, प्रिन्स-टू करा, स्क्रम मास्टर व्हा, पगार दुप्पट करा. यातले खरे किती आणि बाजार किती, याचा विचार आम्ही इथे करत आहोत.

कोणती परीक्षा कशाची?

सर्वात प्रसिद्ध प्रमाणपत्र पीएमपी. १९६९ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेली प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट म्हणजे पीएमआय ही संस्था १९८४ पासून ही परीक्षा घेते. १८० प्रश्न आणि जवळपास चार तासांचा पेपर. पण परीक्षेपेक्षा महत्त्वाची आहे ती पात्रतेची अट. पदवीधराला प्रकल्पाचे नेतृत्व केल्याचा किमान ३६ महिन्यांचा अनुभव दाखवावा लागतो, पदवी नसेल तर ६० महिन्यांचा. त्याशिवाय ३५ तासांचे प्रशिक्षण. पास झाल्यावरही प्रमाणपत्र तीनच वर्षे चालते. ते टिकवण्यासाठी त्या काळात शिक्षणाचे आणि व्यावसायिक कामाचे ६० गुण जमवावे लागतात.

अनुभव नसलेल्यांसाठी याच संस्थेची कॅपम ही परीक्षा आहे. तिला अनुभवाची अट नाही, २३ तासांचे प्रशिक्षण पुरते. प्रिन्स-टू ही पद्धत ब्रिटिश सरकारच्या कामकाजातून आली, १९९६ पासून चालू आहे आणि ब्रिटन-युरोपशी संबंधित कामांत तिला मान आहे. तिची पहिली पायरी, फाउंडेशन, अनुभवाशिवाय देता येते. स्क्रम मास्टरची प्रमाणपत्रे मुख्यतः सॉफ्टवेअर क्षेत्रातली आहेत.

त्यापुढे खास विषयांची प्रमाणपत्रे येतात. पीएमआयचीच जोखीम व्यवस्थापनाची आरएमपी, वेळापत्रकाची एसपी, बांधकाम क्षेत्रासाठीची सीपी. ही प्रमाणपत्रे घेणारे थोडे असतात, म्हणून ज्या कामाला ती लागतात तिथे त्यांना वजन असते. मात्र त्या कामात नसलेल्या माणसाच्या हातात त्यांचा उपयोग जवळजवळ शून्य.

प्रमाणपत्र काय सिद्ध करते?

पीएमआयने २०२१ च्या एका अहवालात म्हटले की २०३० पर्यंत जगाला अडीच कोटी नवे प्रकल्प व्यावसायिक लागतील. क्लासवाल्यांच्या जाहिरातीत हा आकडा हमखास असतो. तो वाचताना एक गोष्ट विसरू नये. आकडा देणारी संस्था आणि परीक्षेची फी घेणारी संस्था एकच आहे. पीएमपी असलेल्यांना जास्त पगार मिळतो, या दाव्याचेही तसेच. ज्याच्याकडे किमान तीन वर्षे प्रकल्प चालवल्याचा अनुभव आहे, त्याला प्रमाणपत्राविनाही नवख्यापेक्षा जास्तच पगार मिळणार. त्यातला किती भाग अनुभवाचा आणि किती कागदाचा, हे जाहिरात सांगत नाही.

तरीही मागणी खोटी नाही. केंद्र सरकारनेही या विषयाची दखल घेतली आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये नीती आयोग आणि भारतीय गुणवत्ता परिषद यांनी कार्यक्रम व प्रकल्प व्यवस्थापनाचे राष्ट्रीय धोरण-चौकट जाहीर केली. हा एक स्वतंत्र व्यवसाय मानावा आणि त्यासाठी प्रशिक्षित मनुष्यबळ उभे करावे, असा तिचा रोख आहे. १५० कोटी रुपये आणि त्याहून मोठ्या केंद्रीय प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या सांख्यिकी मंत्रालयाच्या अहवालांत शेकडो रखडलेल्या आणि खर्च वाढलेल्या प्रकल्पांची नोंद होत आली आहे. म्हणजे गरज आहे. प्रश्न आहे तो त्या गरजेपर्यंत आपला तरुण कसा पोहोचणार, हा.

आडनावाचा प्रश्न

खासगी क्षेत्रात आरक्षण नाही. तिथे "गुणवत्ता" हा एकच शब्द चालतो. ही गुणवत्ता कशी मोजली जाते, याचा एक अभ्यास आपल्या प्रत्येक तरुणाने माहीत करून घ्यावा. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी ६६ आठवड्यांत वृत्तपत्रांतील ५४८ जाहिरातींना उत्तर म्हणून ४,८०८ अर्ज पाठवले. शिक्षण आणि पात्रता सारखी, फरक फक्त नावाचा : उच्चवर्णीय हिंदू, दलित आणि मुस्लीम. २००७ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पात्रता सारखी असूनही दलित नावाच्या अर्जाला पुढची बोलावणी येण्याची शक्यता उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत सुमारे दोन-तृतीयांश होती.

प्रमाणपत्र हे आडनाव पुसत नाही. मुलाखतीत "घरी कोण काय करते?" हा प्रश्न विचारायचा तो माणूस विचारणारच. पण दोन ठिकाणी प्रमाणपत्र खरोखर उपयोगी पडते. पहिले, मोठ्या कंपन्यांत अर्जांची पहिली चाळणी अनेकदा संगणक करतो. तो शब्द शोधतो, आणि जाहिरातीत पीएमपी मागितले असेल तर तो शब्द अर्जात असलेला बरा. दुसरे, ज्याचा मामा किंवा काका कंपनीत वरच्या जागेवर नाही, ज्याची शिफारस करणारा कोणी नाही, त्याच्यासाठी बाहेरच्या संस्थेने घेतलेली परीक्षा हाच एक साक्षीदार असतो. ओळखी असलेल्याला प्रमाणपत्र शोभेचे. ओळखी नसलेल्याला ते कामाचे.

मात्र इथेच खरी अडचण आहे. पीएमपीची खरी परीक्षा पेपरात नाही, त्या ३६ महिन्यांत आहे. प्रकल्पाचे नेतृत्व कोणाला मिळते? ज्याच्यावर साहेबाचा विश्वास त्याला. आणि विश्वास बऱ्याचदा ओळखीतून, भाषेतून, एकत्र जेवणाच्या टेबलावरून तयार होतो. आपला मुलगा किंवा मुलगी कंपनीत पाच वर्षे राबते, पण कागदावर "सहभाग" एवढेच उरते. म्हणून आमचे म्हणणे असे की प्रमाणपत्राची तयारी परीक्षेच्या सहा महिने आधी नव्हे, नोकरीच्या पहिल्या वर्षापासून करावी. छोटी का होईना, स्वतंत्र जबाबदारी मागून घ्या. वेळापत्रक बनवण्याचे, बैठकीचा वृत्तान्त लिहिण्याचे, ठेकेदाराशी समन्वय ठेवण्याचे काम कंटाळवाणे म्हणून टाळू नका. प्रत्येक कामाची तारीख, आकार, तुमची भूमिका आणि वरिष्ठाचे नाव वहीत नोंदवा. अर्ज भरताना हीच वही उपयोगी पडते.

कोणी काय करावे?

नुकताच पदवीधर झालेल्याने पीएमपीच्या मागे लागू नये. तो पात्रच नाही. आधी शिकावे. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे प्रकल्प व्यवस्थापनाचे अभ्यासक्रम विनामूल्य पाहता येतात. गुगलचा कोर्सेरावरील अभ्यासक्रम कॅपमच्या प्रशिक्षणाच्या तासांसाठी धरला जातो. त्यानंतर गरज वाटली तर कॅपम.

स्थापत्य अभियंत्याने आधी प्रायमाव्हेरा किंवा एमएस प्रोजेक्ट हाताळायला शिकावे. बांधकाम कंपन्यांत आणि आखाती देशांत प्लॅनिंग इंजिनिअरच्या जागेला ते आधी विचारतात. वेळापत्रक बनवता येणाऱ्या माणसाला पुढे एसपी किंवा पीएमपी सोपी जाते.

आयटीत चार-पाच वर्षे झालेल्या आणि टीम सांभाळणाऱ्याने पीएमपीचा गंभीर विचार करावा. पण आधी आपल्याला हव्या त्या जागेच्या वीस जाहिराती समोर ठेवाव्यात. त्यांत पीएमपी किती ठिकाणी मागितले आहे, स्क्रम किती ठिकाणी, ते मोजावे आणि मगच पैसे भरावेत. कंपनी फी परत देते का, हेही विचारावे. परीक्षेची फी आणि प्रशिक्षण मिळून नवख्या नोकरदाराचा महिन्याभराचा पगार सहज जातो. तो कर्ज काढून घालू नये.

फसवणुकीपासूनही सावध राहायला हवे. "चार दिवसांत पीएमपी" म्हणणारा क्लास तुम्हाला ३५ तासांच्या प्रशिक्षणाचा दाखला देतो. ते पीएमपी नव्हे. परीक्षा वेगळी द्यावी लागते. काही एजंट खोटा अनुभव लिहून देण्याची तयारी दाखवतात. पीएमआय काही अर्ज पडताळणीसाठी निवडते आणि वरिष्ठांची खातरजमा मागते. खोटे उघड झाले तर पैसे जातातच, नावही जाते. आणि आपल्या माणसाच्या एका खोटेपणाचे खापर सगळ्या समाजावर फोडायला लोक टपलेले असतात.

कार्यकर्त्यांसाठी

हा विषय फक्त नोकरदारांचा नाही. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. १ एप्रिल २०२१ पासून हा निधी घेऊन काम करणाऱ्या संस्थांना सीएसआर-१ नोंदणी सक्तीची आहे. निधी देणारे विचारतात : आज वस्तीत परिस्थिती काय आहे, तुम्ही नेमके काय करणार, काय बदलले हे कशाने मोजणार, काय चुकू शकते? आपल्या अनेक संस्थांकडे काम आहे, निष्ठा आहे, माणसे आहेत. पण या चार प्रश्नांची लेखी उत्तरे नाहीत. मग निधी भाषा येणाऱ्यांकडे जातो आणि आपली वस्ती त्यांच्या अहवालात "लाभार्थी" म्हणून उरते.

यासाठी पीएम४एनजीओज या संस्थेने सामाजिक क्षेत्रासाठी खास प्रोजेक्ट डीप्रो हे प्रमाणपत्र तयार केले आहे. त्याची मार्गदर्शक पुस्तिका इंटरनेटवर विनामूल्य मिळते. परीक्षा न देताही ती वाचता येते. वसतिगृह, अभ्यासिका, वाचनालय चालवणाऱ्या प्रत्येक मंडळातल्या किमान एका कार्यकर्त्याने ती वाचावी आणि बाकीच्यांना मराठीतून समजावून सांगावी.

समाजाने काय करावे?

एकेका तरुणाने एकट्याने फी भरून, एकट्याने नापास होऊन, एकट्यानेच गप्प बसण्याने काही होणार नाही. ज्यांनी ही प्रमाणपत्रे मिळवली आहेत, अशा आपल्या अभियंत्यांनी वर्षाला दोन-तीन मुलांना हाताशी धरावे. त्यांचे अर्ज तपासावेत, अनुभव कसा लिहायचा ते दाखवावे. जयंतीच्या वर्गणीतला एक छोटा भाग परीक्षा पास झालेल्यांची फी परत देण्यासाठी ठेवता येईल. बार्टी आणि सामाजिक न्याय विभागाने स्पर्धा परीक्षांच्या बरोबरीने अशा व्यावसायिक परीक्षांचे प्रशिक्षण आणि फी यांचा विचार करावा, ही मागणी संघटनांनी लेखी करावी. सरकारी जागा कमी होत असताना आणि कंत्राटी भरती वाढत असताना तरुणांना फक्त एमपीएससीच्या रांगेत उभे करून चालणार नाही.

प्रमाणपत्राला देव्हाऱ्यात बसवू नये आणि कागदाचा तुकडा म्हणून फेकूही नये. ते एक हत्यार आहे; ज्याच्या हातात काम आहे, त्यालाच त्याचा उपयोग. आधी काम मिळवा, त्याची नोंद ठेवा, मग परीक्षा द्या. आणि खुर्चीवर पोहोचल्यावर मागच्या मुलासाठी जागा करा.