आईचे निरीक्षण केसपेपरवर यावे

तीव्र सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाच्या केसपेपरवर झटक्यांची औषधे, स्नायूंचा ताठरपणा, एमआरआयचा अहवाल, सगळे नीट लिहिलेले असते. त्याला भरवायला किती वेळ लागतो, रात्री कोण किती वेळा उठते, आईची कंबर कशी आहे, हे मात्र सहसा सापडत नाही. ही उणीव उपचारातलीच आहे, असे माझे ठाम मत आहे.

कांजूरमार्ग पूर्वेच्या एका घरात एका आईला अशा मुलाला भरवताना पाहिले. मुलाचे डोके कोपराच्या खोबणीत, हनुवटी किंचित खाली, चमचा जिभेच्या मध्यावर. प्रत्येक घासानंतर ती घशाचा आवाज ऐकते. घुरघुर आली की थांबते. वाटीभर पातळ खिचडीला पाऊण तास जातो. वारंवार न्यूमोनिया होणाऱ्या मुलात निदानाची दिशा इथेच मिळते. (आवाज न होताही अन्न श्वासनलिकेत जाऊ शकते, त्यामुळे शंका आली की तपासणी हवीच.) गिळण्याची तपासणी किंवा पोटात नळी बसवण्याचा निर्णय तिच्याशी बोलून व्हावा, तिला कळवून नव्हे.

मुंबईत १९७२ साली डॉ. मिथू अलूर यांनी स्पास्टिक्स सोसायटी सुरू केली. त्यांची मुलगी मालिनी हिला सेरेब्रल पाल्सी होती. आपल्या या क्षेत्रातली एक मोठी संस्था आईच्या गरजेतून उभी राहिली, हे विसरू नये.

आपण डॉक्टर हाजी अलीच्या पुनर्वसन संस्थेची चिठ्ठी लिहून देतो. कांजूरमार्गची ती आई वीस किलोचे मूल कडेवर घेऊन कांजूरचा पूल चढते, दादरला गाडी बदलते, महालक्ष्मीला उतरते. एखादी तारीख चुकली की ‘फॉलोअपला येत नाहीत’ असा शेरा आपण मारून मोकळे! शक्य तितक्या तपासण्या एकाच दिवशी लावून देणे आपल्या हातात आहे.

‘आमच्या माघारी याचं कोण बघणार?’ हे प्रत्येक आई कधी ना कधी विचारते. अठरा वर्षे पूर्ण झाली की आईवडील कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली स्थानिक समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करावा लागतो, आणि हे अनेकांना बँकेच्या खिडकीपाशी कळते. याच कायद्यातून आलेल्या ‘निरामय’ विम्यात एक लाखापर्यंत खर्च मिळतो, थेरपीचाही. विम्याची माहिती पहिल्याच भेटीत द्यावी. पालकत्वाचा विषय मूल सतरा वर्षांचे झाले की आपणहून काढावा.