प्रेक्षकांचे काय, म्हणे!

अमेरिकेत २ मे २०२३ रोजी टीव्ही आणि चित्रपटांचे सुमारे ११,५०० लेखक संपावर गेले. रात्रीचे गप्पांचे कार्यक्रम त्याच दिवशी थांबले, जुने भाग पुन्हा दाखवले गेले, नव्या मालिका लांबल्या. मग ओरड झाली : प्रेक्षकांचे काय?

मैत्रिणींनो, घरकामगार बायकांबरोबर काम करताना हा सूर मी नेहमी ऐकते. १९८० साली पुण्यातल्या मोलकरणी संपावर गेल्या, तेव्हाही धुणीभांडी खोळंबल्यावरच त्यांचे कष्ट लोकांच्या डोळ्यांत आले. केलेले काम दिसत नाही, थांबलेले तेवढे दिसते!

लेखक मागत काय होते? मालिकांवर कंपन्या कमावतात त्यात रास्त वाटा, प्रत्येक मालिकेला किमान ठरावीक लेखक, आणि यंत्राकडून लिहून घेऊन त्यांचे मानधन कापायचे नाही. १४८ दिवसांनी यातले बरेच पदरात पडले.

या काळात वेशभूषा, रंगभूषा करणाऱ्यांच्या चुलीही थंडावल्या, हे खरे. पण त्याचा जाब संपकऱ्यांनाच का? तिजोरी ज्यांच्या हातात आहे त्यांना विचारा.

जुना भाग लागला म्हणून कुरकुरण्याआधी आपण एवढे विचारू या : लिहिणारीला तिचा वाटा मिळाला का?